मुडदूस आणि रक्ताचा सामू



माती परीक्षणाच्या अहवालात 'सामू' हा आकडा आपण पाहतोच. कारखान्यातही उसाच्या रसाचा सामू ५.५ च्या आगेमागे असतो, तो चुना घालून ७ च्या जवळ आणावा लागतो. नाहीतर साखरेचा नाश होतो. माणसाच्या रक्तालाही सामू आहे. तो ७.३५ ते ७.४५ एवढ्याच मर्यादेत राहावा लागतो. जमिनीसारखी आठ-साडेआठपर्यंतची मोकळीक तेथे नाही. याचा संबंध मुलांच्या मुडदुसाशी येतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

मुडदुसात हाडे मऊ राहतात. पोर उशिरा चालते, पाय वाकतात, मनगटे जाड होतात. बहुतेक वेळा कारण ड जीवनसत्त्वाची कमतरता. एवढे ऊन पडणाऱ्या मुलखात ही कमतरता कशी, असे आपण म्हणाल. पण बाळ दुपट्यात गुंडाळून आतल्या खोलीत ठेवले तर ऊन दारातच राहते, आणि आईच्या दुधात हे जीवनसत्त्व फार थोडे असते. म्हणून डॉक्टर पहिले वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब द्यायला सांगतात. मुडदुसात रक्तातले अल्कलाइन फॉस्फेटेज वाढते. (वाढत्या मुलांत ते मुळातच मोठ्यांपेक्षा जास्त असते, मोठ्यांच्या आकड्याशी ताडून घाबरू नये.)

औषध नेमाने दिले की साधारण तीन महिन्यांत एक्स-रेमध्ये हाडे भरताना दिसतात. दिसली नाहीत तर? येथेच गडबड होते. पुन्हा तीच पुडी, पुन्हा तेच इंजेक्शन. आमचे स्पष्ट मत आहे, की अशा वेळी डोस वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारून रक्ताचा सामू आणि बायकार्बोनेट तपासून घ्यावे. काही मुलांची मूत्रपिंडे रक्तातले आम्ल लघवीवाटे पुरेसे बाहेर टाकत नाहीत. आम्ल साचते, आणि ते मारायला शरीर हाडांतला चुना खर्ची घालते. असे मूल सारखे पाणी मागते, लघवी फार करते, खाल्लेले त्याच्या अंगी लागत नाही. आम्ल आटोक्यात आल्याशिवाय नुसत्या ड जीवनसत्त्वाने त्याची हाडे सुधारत नाहीत. उलट डोस जादा झाला तर कॅल्शियम वाढून मूत्रपिंडालाच इजा होते. त्याचे औषध निराळे, वजनावर ठरवून दिलेले सोडा बायकार्ब किंवा सायट्रेट. घरातला खाण्याचा सोडा चमच्याने देऊ नये.

या तपासणीचे रक्त लगेच यंत्रावर लागावे लागते. तासन्‌तास पडून राहिले की आकडा चुकतो, म्हणून जेथे यंत्र आहे तेथेच मुलाला न्यावे. जाताना मागचे एक्स-रे, औषधांच्या चिठ्ठ्या आणि आजवर किती पुड्या व इंजेक्शने झाली त्याची नोंद बरोबर घ्यावी.