रक्त पडले म्हणजे मूळव्याधच, असे नव्हे

शौचावाटे रक्त पडले की आपल्याकडे त्याचे निदान घरीच होते: ‘मूळव्याध झाली, उष्णता वाढली.’ मग ताक, इसबगोल, कुणीतरी सुचवलेले मलम आणि पाटी लावून बसलेल्या वैदूकडे चकरा. यात सहा महिने सहज निघून जातात. बहुतेकांना मूळव्याध किंवा गुदद्वाराची चीर, म्हणजे फिशरच असते, हे खरे. परंतु मोठ्या आतड्याचा कर्करोगही सुरुवातीला असाच दिसू शकतो. शिवाय एकाच रोग्याला मूळव्याध आणि कर्करोग दोन्ही असू शकतात.

मोठे आतडे सुमारे पाच फूट लांब असते. त्याच्या आतील अस्तरावर कधी कधी लहान कोंब वाढतो. त्याला पॉलिप म्हणतात. सगळेच पॉलिप घातक नसतात. पण ज्याचा कर्करोग होतो, त्याला बहुधा दहाएक वर्षे लागतात. म्हणजे रोग आपल्याला पुष्कळ सवड देतो. ती वाया घालवू नये.

पुढील लक्षणांकडे लक्ष द्यावे :

१. शौचाबरोबर रक्त किंवा आव पडणे, विशेषतः रक्त शौचात मिसळलेले असणे.

२. शौचाच्या सवयीत तीन-चार आठवडे टिकणारा बदल. कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब.

३. शौचास जाऊन आल्यावरही पोट साफ न झाल्यासारखे वाटणे, पुन्हा पुन्हा जावेसे वाटणे.

४. पोटात वारंवार कळ येणे, पोट फुगणे, कारण नसताना वजन घटणे.

५. थकवा, धाप आणि रक्त कमी होणे.

पाचवे लक्षण फसवे आहे. आतड्याच्या उजव्या भागातील गाठीतून थोडे थोडे रक्त झिरपते. ते डोळ्यांना दिसत नाही. प्रौढ पुरुषाचे किंवा पाळी बंद झालेल्या स्त्रीचे रक्त लोह कमी पडल्याने घटले असेल, तर नुसत्या लोहाच्या गोळ्या घेऊन थांबू नये. रक्त जाते कोठे, हे शोधावे. (या गोळ्यांनी शौच काळे होते, बीट खाल्ल्यावर लालसर, त्याला घाबरू नये.)

तपासणी सोपी आहे. डॉक्टर बोटाने गुदाशय तपासतात. खालच्या भागातील गाठ बोटाला लागू शकते. दोन मिनिटांचे काम, पण लाजेपोटी रोगी नको म्हणतो. गरज वाटल्यास दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी करतात. आदल्या दिवशी औषधाने पोट साफ करावे लागते. पॉलिप दिसला तर बहुधा त्याच वेळी काढून टाकता येतो. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून निर्धास्त राहू नये. आतड्यातील लहान गाठ तीत दिसेलच असे नाही.

आई, वडील किंवा भावंडांना हा रोग झाला असल्यास त्रास नसतानाही चाळिशीत तपासणी करून घ्यावी. नातेवाइकाला तो पन्नाशीच्या आत झाला असेल, तर त्या वयाच्या दहा वर्षे आधीच. आणि तरुणांनीही ‘आपले वय काय!’ म्हणून रक्ताकडे काणाडोळा करू नये. तिशी-चाळिशीतही हा रोग आढळतो.

गाठ आतड्यापुरतीच असताना सापडली, तर बहुतेक रोगी शस्त्रक्रियेने बरे होतात. म्हणून मूळव्याधीचे औषध जरूर घ्या, पण आधी ती मूळव्याधच आहे ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या.