पुण्यात रूम शोधताय? नावात ‘पेठ’, ‘गाव’ किंवा ‘गावठाण’ असेल तिथं आधी चक्कर मारा

लातूर, नांदेड, सोलापूर, जळगाव. गाव कुठलंही असो, पुण्यात पहिली नोकरी लागली की पुढचा आठवडा ठरलेला असतो. मित्राच्या रूमवर बॅग टाकायची, मोबाईलवर ॲप उघडायचं, बजेट टाकायचं आणि जे समोर येईल ते बघून तोंड पाडायचं.

समोर येणारी नावंही ठरलेली असतात. वाकड, बाणेर, बालेवाडी, खराडी. फोटोत स्विमिंग पूल, जिम, क्लबहाऊस. पहिल्या पगारात हे बसत नाही, मग चौघांत एक टू बीएचके, नाही तर सरळ कॉट बेसिस.

पण याच पुण्यात असेही भाग आहेत जिथं भाडं तुलनेनं आवाक्यात असतं, खाली उतरलं की भाजी, चहा, गिरणी, टेलर सगळं असतं आणि महिन्याभरात किराणा दुकानदार तुम्हाला नावानं ओळखायला लागतो. हे भाग ॲपवर कमी दिसतात. ते शोधायची सोपी खूण म्हणजे त्यांचं नाव.

पुण्यात दोन प्रकारची जुनी वस्ती आहे

पहिली म्हणजे पेठा.

कसबा पेठ सगळ्यात जुनी. पुढं शहर वाढलं तशा एकेक पेठा वसत गेल्या. शनिवार, रविवार, सोमवार अशी वारांची नावं तर सगळ्यांना माहितीच आहेत. काही पेठांना माणसांची नावं मिळाली. सदाशिवरावभाऊंच्या नावानं सदाशिव पेठ, नारायणराव पेशव्यांच्या नावानं नारायण पेठ, नाना फडणवीसांच्या नावानं नाना पेठ आणि सरदार रास्ते यांच्या नावानं रास्ता पेठ.

दुसरी म्हणजे गावठाणं.

पुणं वाढताना आजूबाजूची गावं पोटात घेत गेलं. अगदी अलीकडचं सांगायचं तर २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. त्याच्या कितीतरी आधी कोथरूड, औंध, पाषाण ही गावंच होती. गाव शहरात आलं तरी त्याचा मधला भाग, म्हणजे मंदिर, तालीम, चावडी आणि भोवतीची दाट घरं, बऱ्याच ठिकाणी तसाच राहिला. त्यालाच आपण गावठाण म्हणतो.

म्हणून औंधमध्ये परवडत नसेल तर ‘औंध गाव’ बघायचं. कोथरूड महाग वाटलं तर ‘कोथरूड गावठाण’. सांगवी शोधताना ‘जुनी सांगवी’. पिनकोड बऱ्याचदा तोच असतो, भाडं वेगळं असतं.

इथं भाडं कमी का असतं?

पहिलं कारण साधं आहे. लिफ्ट नाही, पार्किंग नाही, गेटवर सिक्युरिटी नाही. नव्या सोसायटीत या गोष्टींचे पैसे तुम्ही वापरा किंवा न वापरा, भाड्यात आणि मेंटेनन्समध्ये जातातच. ज्याच्याकडं गाडीच नाही त्यानं पार्किंगचे पैसे का भरायचे?

दुसरं कारण म्हणजे इमारतीचं वय. नवी बिल्डिंग बांधणाऱ्याला जमिनीचे, सिमेंटचे, कर्जाच्या व्याजाचे पैसे काढायचे असतात. ३०-४० वर्षं जुन्या बिल्डिंगचा तो खर्च कधीच वसूल झालेला असतो. अमेरिकेतल्या लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ साली मोठ्या शहरांवर लिहिलेल्या पुस्तकात हीच गोष्ट मांडली होती. शहराला जुन्या, साध्या इमारती लागतातच, कारण ज्यांच्याकडं भांडवल कमी आहे असे धंदे आणि माणसं तिथंच तग धरू शकतात.

पेठेत फिरताना हे डोळ्यांनी दिसतं. घड्याळ दुरुस्तीवाला, बाइंडिंगवाला, एक टेबल टाकून बसलेला टायपिंगवाला, घरगुती खानावळ. यातलं कुणीच मॉलचं भाडं भरू शकत नाही. म्हणजे ज्याला आपण त्या भागाचा ‘फील’ म्हणतो, तो फील आणि तिथलं कमी भाडं एकाच कारणातून येतात.

तिसरं कारण म्हणजे मालक. गावठाणात आणि पेठेत बऱ्याचदा मालक खाली राहतो आणि वरच्या एक-दोन खोल्या भाड्यानं देतो. तो ॲपवर जाहिरात टाकत नाही. तो दारावर ‘खोली भाड्याने देणे आहे’ अशी पाटी लावतो, नाही तर कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला सांगून ठेवतो.

मग वाड्यात काही शे रुपये भाड्यानं राहणारे लोक कोण?

हा गैरसमज आधीच दूर केलेला बरा. १९४७ साली मुंबई प्रांतात भाडे नियंत्रण कायदा आला आणि जुन्या भाडेकरूंची भाडी जवळपास गोठली. नंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला. त्यात अशा भाड्यांत वर्षाला ४ टक्के वाढ करायची मुभा मिळाली. पण मूळ आकडाच एवढा लहान होता की ४ टक्क्यांनी फारसा फरक पडला नाही.

त्याचा फायदा पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या भाडेकरूंना मिळाला. तोटा असा झाला की एवढ्या भाड्यात दुरुस्ती कोण करणार, म्हणून अनेक वाडे खचत गेले.

आज नव्यानं येणाऱ्याला ते भाडं मिळत नाही. त्याच्याशी ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार होतो आणि भाडं बाजारभावानं ठरतं. त्यामुळं ‘काका वाड्यात दोनशे रुपयांत राहायचे’ हे ऐकून बजेट ठरवू नका.

आधी ऑफिस कुठं आहे ते बघा

स्वस्त रूम लांब असेल तर ती स्वस्त राहत नाही. हिशोब करून बघू.

समजा तुमचं ऑफिस हिंजवडीत आहे आणि तुम्हाला सदाशिव पेठेत मनासारखी रूम मिळाली. एका बाजूनं १८ ते २० किलोमीटर. रोज ४० किलोमीटर बाईक चालवली की ट्रॅफिकमध्ये साधारण १ लिटर पेट्रोल, म्हणजे १०० रुपयांच्या आसपास. महिन्याला २२ दिवस धरले तर २,२०० रुपये. रोजचे २ तास रस्त्यात गेले तर महिन्याचे ४४ तास. भाड्यात वाचलेले २,००० इथंच संपले, वर पाठदुखी फुकट.

म्हणून ऑफिसच्या बाजूची जुनी वस्ती निवडायची.

ऑफिस हिंजवडीत असेल तर चिंचवडगाव, जुनी सांगवी, पिंपळे गुरव, औंध गाव बघा. चिंचवडगावात पवनेकाठी मोरया गोसावींची समाधी आहे आणि तिच्याभोवती जुनं गाव अजून जाणवतं.

ऑफिस विमाननगर, कल्याणीनगरकडं असेल तर पूर्वेकडच्या पेठा बघा. रास्ता पेठ, सोमवार पेठ, मंगळवार पेठ. वनाझ ते रामवाडी ही मेट्रो मंगळवार पेठ आणि पुणे स्टेशनवरून जाते.

शिवाजीनगर, स्वारगेट किंवा पिंपरीच्या बाजूला काम असेल तर कसबा आणि बुधवार पेठेचा परिसर सोयीचा आहे. २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि कसबा पेठ, मंडई ही स्टेशनं मिळाली. ज्या पेठांत गाडी लावायला जागा नाही, तिथं गाडीशिवाय राहणं यामुळं सोपं झालं.

स्पर्धा परीक्षेच्या तयारीला येणाऱ्यांची पसंती सदाशिव आणि नारायण पेठेला असते, त्यालाही कारण आहे. अभ्यासिका, मेस आणि पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौक, सगळं पायी जाण्याच्या अंतरावर. भाडं थोडं जास्त पडलं तरी प्रवास शून्य असतो.

बघायला जाताना तीन वेळा जा

एकदा सकाळी ७ वाजता. पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं आणि टाकी किती मोठी आहे हे तेव्हाच कळतं. संडास-बाथरूम कॉमन असेल तर सकाळी किती जण वापरतात तेही कळतं.

एकदा दुपारी. खोलीत उजेड आणि वारा येतो का बघा. पत्र्याचं छत असेल तर एप्रिल-मे महिन्याचा विचार करा.

एकदा रात्री १० नंतर. गल्लीत दिवे आहेत का, वर्दळ असते का, जिन्यात अंधार आहे का. मुलींनी ही चक्कर मैत्रिणीला घेऊन मारावीच. दारं किती वाजता बंद होतात आणि उशिरा शिफ्ट संपली तर चालेल का, हेही त्याच दिवशी विचारून घ्या.

इमारत जुनी वाड्याची असेल तर भिंतींच्या भेगा, ओल आणि जिन्याचं लाकूड नीट बघा. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. ‘या इमारतीला नोटीस आली आहे का?’ हा प्रश्न मालकाला आणि शेजाऱ्याला, दोघांनाही विचारा. उत्तरं वेगवेगळी आली तर रूम सोडून द्या. भाडं कितीही कमी असू दे.

आणि पेठेत राहणार असाल तर गणपतीचे दहा दिवस गृहीत धरा. रस्ते बंद, ढोल-ताशा, रात्रभर गर्दी. काहींना यासाठीच पेठ हवी असते, काहींना याच दिवसांत गावी पळावंसं वाटतं. आपण कुठल्या गटातले ते आधी ठरवा.

‘११ महिन्यांचाच करार आहे, रजिस्टर कशाला?’

हे वाक्य बरेच जण टाकतात. महाराष्ट्रात ते चुकीचं आहे. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो ११ महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत.

खर्चही फार नसतो. महिन्याला १०,००० भाडं, ३०,००० डिपॉझिट आणि ११ महिने धरले तर ०.२५ टक्क्यांनी मुद्रांक शुल्क साधारण ३०० रुपये होतं. नोंदणी फी शहरात १,००० रुपये. एजंट घरी येऊन ऑनलाइन नोंदणी करून देतो, त्याचे पैसे वेगळे. हा खर्च कोण किती भरणार ते आधीच बोलून घ्या.

डिपॉझिट बँकेतून द्या, म्हणजे नोंद राहते. रंगकामाचे पैसे कापणार का, लाईटबिल वेगळ्या मीटरवर आहे का, नोटीस किती दिवसांची, हे करारात लिहून घ्या. आणि रूम न बघता कुणी टोकन मागितलं, तर समोरचा स्वतःला कुणीही म्हणवत असला तरी एक रुपया पाठवू नका.

सगळ्यांना सगळीकडं रूम मिळते का?

नाही. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. ‘फक्त शाकाहारी’, ‘बॅचलर नको’ हे पाटीवर लिहिलेलं असतं. आडनाव ऐकून किंवा धर्म कळल्यावर ‘रूम गेली’ असं सांगितलं जातं, ते कुठंच लिहिलेलं नसतं. ज्या वस्तीत माणसं एकमेकांना नावानं ओळखतात, तिथं आडनावही विचारलं जातं. जुन्या वस्तीच्या ओळखीची ही दुसरी बाजू.

अशा वेळी मिश्र वस्तीचे भाग आधी बघितलेले बरे. रास्ता पेठ, नाना पेठ, क्वार्टर गेट, कॅम्प या पट्ट्यात मंदिर, मशीद, चर्च आणि बेने इस्राएलींचं सिनेगॉग असं सगळं थोड्या अंतरात आहे. तिथंही नकार मिळणारच नाही असं नाही, पण वेगवेगळ्या माणसांची सवय त्या गल्ल्यांना जुनी आहे. ऑफिसमधल्या किंवा कॉलेजमधल्या ज्यांना तिथं रूम मिळाली आहे, त्यांच्याकडून मालकाचा नंबर घेणं हा सगळ्यात भरवशाचा मार्ग.

आणि हे किती दिवस टिकेल?

१९६१ च्या पानशेतच्या पुरानं नदीकाठच्या पेठांमधली हजारो घरं गेली आणि पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगरसारख्या भागांत नव्या वसाहती उभ्या राहिल्या. तेव्हा पुरामुळं बदललेलं शहर आता पुनर्विकासामुळं बदलतंय. एकेक वाडा उतरतो आणि तिथं लिफ्ट-पार्किंगवाली बिल्डिंग येते. मोडकळीला आलेल्या वाड्यात जीव मुठीत धरून राहणाऱ्याला ती हवीच असते आणि त्यात चूक काहीच नाही. पण त्या बिल्डिंगमध्ये एक खोली भाड्यानं देणारा मालक आणि खाली बसणारा बाइंडिंगवाला परत येईलच असं नाही.

त्यामुळं नव्यानं पुण्यात येणाऱ्यासाठी या रूम मोजक्या आहेत आणि कमी होत जाणार आहेत. ॲप बंद करा, ऑफिसच्या दिशेचं गावठाण किंवा पेठ निवडा आणि रविवारी सकाळी चालत निघा. किराणावाला, मेसवाल्या काकू आणि इस्त्रीवाला, या तिघांना ‘इथं कुठं खोली आहे का’ एवढंच विचारा. फक्त दुपारी १ ते ४ मध्ये विचारू नका. पुणं आहे.