निर्वासित मुलांचे हक्क : कायदा म्हणतो 'मूल', खिडकी मागते 'आधार'

१७ मे १९६० रोजी धर्मशाळेत ५१ तिबेटी मुले येऊन पोहोचली. जम्मू भागात रस्त्याच्या कामावर असलेल्या निर्वासितांच्या छावण्यांतून त्यांना आणले होते. आईवडील दिवसभर खडी फोडायचे, मुले आजारी आणि उपाशी. दलाई लामांच्या थोरल्या भगिनी त्सेरिंग डोल्मा यांनी त्यांचा सांभाळ सुरू केला. १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि धाकट्या भगिनी जेत्सुन पेमा यांनी ते काम पुढे नेले. त्यातून 'तिबेटन चिल्ड्रन्स व्हिलेज' उभे राहिले. तिथे छोटी घरे बांधली आणि प्रत्येक घरात मुलांना 'आई' म्हणता येईल अशी बाई नेमली. मुलांच्या शाळांसाठी भारत सरकारने १९६१ मध्येच स्वतंत्र केंद्रीय प्रशासन स्थापन केले होते. आपल्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावजवळची नोर्ग्येलिंग तिबेटी वसाहत विदर्भातल्या अनेक कार्यकर्त्यांनी पाहिली असेल.

तिबेटी समाजाची जिद्द मोठी आहेच. पण त्यांना सरकारची मान्यता, नोंदणीचा कागद, जमीन आणि शाळा मिळाल्या, हे विसरून चालणार नाही. भारतात आलेल्या प्रत्येक निर्वासित मुलाच्या वाट्याला हे आले नाही.

चकमांचेच पाहा. तेही बौद्ध. पूर्व पाकिस्तानात कर्णफुली नदीवर कप्ताई धरण झाले आणि सुमारे एक लाख माणसे उठली, त्यात बहुसंख्य चकमा. १९६४ पासून त्यांतल्या काही हजारांना आजच्या अरुणाचल प्रदेशात वसवले गेले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे त्यांची रेशनकार्डे बंद झाली, 'निघून जा' अशा धमक्या आल्या. प्रकरण राष्ट्रीय मानवी हक्क आयोगामार्फत सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ जानेवारी १९९६ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जीविताचे रक्षण करणे राज्याला बंधनकारक आहे. रेशन बंद होते तेव्हा पहिला फटका कोणाला बसतो, हे झोपडपट्टीत काम केलेल्या कार्यकर्त्याला सांगायला नको.

भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यावरून बरेच जण, काही वेळा अधिकारीसुद्धा, असा निष्कर्ष काढतात की या मुलांना काहीच हक्क नाहीत. हा निष्कर्ष चुकीचा आहे. संविधानाचे कलम १९ नागरिकांसाठी आहे, पण कलम १४ आणि २१ प्रत्येक व्यक्तीसाठी आहे. कलम २१अ ६ ते १४ वर्षांच्या सर्व बालकांना शिक्षणाचा हक्क देते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आणि २०१५ चा बाल न्याय कायदाही 'बालक' हाच शब्द वापरतात. शिवाय भारताने १९९२ मध्ये बालहक्क संहिता स्वीकारली आणि तिचे कलम २२ निर्वासित मुलांबद्दलच आहे.

मग अडते कुठे? बहुतेक वेळा खिडकीवर.

शाळेत आधार कार्ड मागतात, जन्मदाखला मागतात, आधीच्या शाळेचा दाखला मागतात. घर जळताना पळालेल्या माणसाने दप्तर सोबत आणलेले नसते. शिक्षण हक्क कायद्याला हे माहीत आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे कलम १४ सांगते. कलम ४ सांगते की कधीच शाळेत न गेलेल्या किंवा शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाप्रमाणे वर्गात बसवायचे आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढायला वेगळे प्रशिक्षण द्यायचे. आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाला योजनेच्या लाभापासून वंचित ठेवता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट केले. अर्ज लिहिताना हे तीन आधार हाताशी ठेवावेत. तोंडी विनंतीला तोंडी नकार मिळतो. लेखी अर्जाला लेखी नकार द्यायला मुख्याध्यापकही कचरतात.

हे होऊ शकते, याचा दाखला मिझोरामने दिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि चिन प्रांतातली कुटुंबे सीमा ओलांडून आली. त्याच वर्षी मिझोरामच्या शालेय शिक्षण विभागाने शिक्षण हक्क कायद्याचा हवाला देऊन त्यांच्या मुलांना सरकारी शाळांत प्रवेश देण्यास सांगितले. नवा कायदा करावा लागला नाही. मिझो आणि चिन यांचे नाते जवळचे, ही गोष्ट खरी. म्हणूनच पुढचा प्रश्न आपल्याला टाळता येत नाही.

रोहिंग्या मुलांचे काय? ती मुस्लिम आहेत, आणि बौद्ध बहुसंख्य असलेल्या देशातून, तिथल्या लष्कराच्या आणि काही भिक्खूंनी पेटवलेल्या द्वेषाच्या छळाला कंटाळून आलेली आहेत. चकमा मुलासाठी आपण पत्रक काढतो. दिल्ली, हैदराबाद, जम्मूच्या वस्त्यांतल्या या मुलांबद्दल मात्र आपल्या ग्रुपवर शांतता असते. माझ्या मते ही शांतता आपल्याला शोभत नाही. मार्च २०२१ मध्ये जम्मूत दीडशेहून अधिक रोहिंग्यांना पकडून हिरानगरच्या कारागृहात ठेवले गेले आणि घरे दुभंगली. त्यांच्या मोठ्यांबाबत सरकारची भूमिका काय असावी यावर मतभेद असू शकतात, पण सहा वर्षांच्या मुलाने शाळेत जावे का, यावर मतभेद कसला? फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की शिक्षणात कोणत्याही मुलाशी भेदभाव होता कामा नये. या मुलांनी आधी सरकारी शाळेकडे जावे, आणि नकार मिळाला तर उच्च न्यायालयात दाद मागावी.

शाळेआधीची सहा वर्षे तर आणखी दुर्लक्षित आहेत. अंगणवाडीत नोंद आता मोबाइल अॅपवर होते. सेविकेचा दोष नसतो, तिच्या स्क्रीनवर रकाना रिकामा राहतो एवढेच. इथे १३ डिसेंबर २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश फार कामाचा आहे. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी लागते. म्हणजे पहिले काम घरोघर जाऊन मुले मोजण्याचे.

आता बाल कल्याण समिती. प्रत्येक जिल्ह्यात अध्यक्ष आणि चार सदस्यांची ही समिती असते. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले मूल सापडले की प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत तिच्यासमोर हजर करायचे असते. निर्वासित कुटुंबांना या समितीची भीती वाटते, आणि ती निराधार नाही. कचरा वेचणाऱ्या आईचे मूल रस्त्यावर दिसले, तिला हिंदी येत नाही, कागद दाखवता येत नाहीत, म्हणून मूल बालगृहात जाऊ शकते. बाल न्याय कायद्याच्या कलम ३ मध्ये मात्र कुटुंबाची जबाबदारी पहिली मानली आहे आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय सांगितला आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्षाने दुभाष्यांची यादी ठेवावी, अशी नियमांत तरतूद आहे. तुमच्या जिल्ह्याच्या यादीत चकमा, रोहिंग्या किंवा तिबेटी बोलणारे कोणी आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारून पाहा. नसेल तर त्या समाजातल्या शिकलेल्या तरुणांची नावे आपणच सुचवावीत. आईचे म्हणणे तिच्या भाषेत ऐकले गेले तर पुष्कळ प्रकरणे घरच्या घरीच सुटतील. आणि कृपा करून दुभाषा म्हणून त्याच मुलाला उभे करू नका. आईवर घेतलेला संशय मुलाच्या तोंडून वदवून घेणे फार वाईट.

कागदांबाबत एक शेवटची गोष्ट, कारण तिला मुदत आहे. भारतात जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या जन्माची नोंद होते, आईवडील कोणत्या देशाचे हे त्यात आडवे येत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पुढच्या अनेक कामांना जन्मदाखला हाच मुख्य पुरावा झाला आहे. कायद्यात आईवडिलांचा आधार क्रमांक 'असल्यास' द्यायचा आहे. नोंद २१ दिवसांत करायची. त्यानंतर विलंब शुल्क, मग परवानग्या, मग फेऱ्या. दवाखान्यात बाळंतपण झाले तर नोंद दवाखानाच कळवतो. झोपडीत झाले तर कोणालातरी जाऊन ती करावी लागते. वस्तीत गरोदर बाया किती आहेत आणि त्यांचे दिवस कधी भरतात, याची एक वही ठेवली तरी पुरे.