मलकापूरचे तुकडे किती?

'मलकापूर' हे नाव फळ्यावर लिहिताना आपण पाच अक्षरे काढतो: म, ल, का, पू, र. आता तेच नाव नेहमीच्या बोलण्याप्रमाणे उच्चारा आणि प्रत्येक तुकड्याला एक टाळी द्या. टाळ्या तीनच पडतात: मल्-का-पूर्. मग 'ल' आणि 'र' यांतला 'अ' गेला कुठे?

उच्चारात जितके स्वर कानी पडतात, तितके तुकडे होतात. मराठीत शब्दाच्या शेवटचा 'अ' सहसा उच्चारला जात नाही. शब्दाच्या मधला 'अ'ही, त्याच्या मागे-पुढे स्वर ऐकू येत असतील तर, बऱ्याचदा गळतो. 'चिखल' हा शब्द चि-खल् असा, पण 'चिखली' मात्र चिख्-ली. शेवटी 'ई' आली आणि 'ख'मधला 'अ' गेला!

फ्रेंच भाषेतही आपल्या 'अ'च्या जवळचा असा एक दुबळा स्वर आहे. शनिवारला फ्रेंचमध्ये जो शब्द आहे तो लेखनाप्रमाणे सा-म-दी असा तीन तुकड्यांचा, पण रोजच्या बोलण्यात साम्-दी एवढाच उरतो. शुक्रवारच्या शब्दात, वां-द्र-दी यात, मात्र हा स्वर टिकून राहतो. तो गाळला तर द्, र्, द् ही तीन व्यंजने एकापुढे एक येतील आणि जीभ अडखळेल. आपल्या चंद्रपूरचेही तसेच: चं-द्र-पूर्. तिथे 'द्र'मधला 'अ' स्पष्ट ऐकू येतो.

कवितेचा हिशेब मात्र वेगळा. मराठी अक्षरगणवृत्तात लिहिलेला 'अ' पूर्ण मोजला जातो. जुन्या फ्रेंच पद्यातही पुढे व्यंजन असेल तर तो दुबळा स्वर मोजतात. दोन्हीकडे बोली पुढे गेली, छंदाने जुना उच्चार जपला.

वर्गात जिल्ह्यातील गावांची नावे घेऊन हा प्रयोग करा: खामगाव, मेहकर, सिंदखेड, लोणार. प्रत्येक नावाची आधी अक्षरे मोजा, मग टाळ्या. सिंदखेडला अक्षरे चार, टाळ्या दोन. लोणारला तीन आणि दोन.

एखादे मूल 'चिख्ली' असे लिहिते, तेव्हा त्याचा कान चुकलेला नसतो. लेखनाचा संकेत त्याला अजून कळलेला नसतो. उलट 'म-ल-का-पू-र' असे सुटे वाचणाऱ्या मुलाला अक्षरे येत असतात, पण त्यांतला कोणता 'अ' सोडायचा हे ठाऊक नसते. दोघांच्या वहीवर सारखीच लाल रेघ ओढण्याआधी नेमके काय शिकवायचे राहिले आहे, हे टाळ्या मोजून पाहावे.