व्हिसाचे प्रकार आणि दहावीचे मार्कशीट



आमच्या शाळेतल्या एका मुलाचे वडील मधल्या सुट्टीत एक कागद घेऊन आले. “गुरुजी, यामा काय लिखेल शे?” दुबईला कामाला न्यायचे म्हणून एजंटने पैसे मागितले होते. कागदावर मात्र इंग्रजीत ‘व्हिजिट व्हिसा’ असे होते. म्हणून हा लेख.

पासपोर्ट आपला देश देतो. व्हिसा म्हणजे दुसऱ्या देशाने दिलेली परवानगी. कशासाठी आणि किती दिवस, हे त्यात ठरलेले असते.

मुख्य प्रकार :

१) भेट किंवा पर्यटन व्हिसा : फिरायला, नातेवाइकांना भेटायला. यावर नोकरी करता येत नाही. केली तर दंड होतो, परत पाठवतात.

२) विद्यार्थी व्हिसा : आधी प्रवेश, मग व्हिसा. अमेरिकेत याला एफ-१ म्हणतात. फी आणि राहण्याच्या खर्चाची सोय दाखवावी लागते.

३) नोकरीचा व्हिसा : तिथली कंपनी आपल्यासाठी अर्ज करते. अमेरिकेचा एच-१बी आधी ३ वर्षांपर्यंत मिळतो, पुढे साधारण ६ वर्षांपर्यंत वाढतो.

४) कुटुंबाचा व्हिसा : नवरा-बायको, मुले यांच्यासाठी. एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाला एच-४ मिळतो.

आता आपल्या कामाची गोष्ट. दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर साधारणपणे ‘ईसीआर’ असा शेरा असतो. अशा व्यक्तीला सौदी, कतार, कुवेत, संयुक्त अरब अमिराती अशा १८ देशांत नोकरीला जाताना १९८३ च्या कायद्यानुसार सरकारची मंजुरी घ्यावी लागते. ही अडवणूक नाही, संरक्षण आहे. करार, पगार, मालक यांची कागदपत्रे आधी तपासली जातात. भेट व्हिसाला ही मंजुरी लागत नाही, म्हणूनच काही एजंट त्या वाटेने माणसे पाठवतात. मग तिथे पगार अडला तर दाखवायला करारच नसतो. एजंट नोंदणीकृत आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दोन मिनिटांत दिसते. पैसे देण्याआधी तेवढे बघाच.

हे सगळे सांगितल्यावर ते गृहस्थ थांबले. त्यांची शाळा नववीत सुटलेली. आता १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी द्यायचे म्हणतात. पास झाले तर नवीन पासपोर्टवर तो शेरा राहणार नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत मुले शाळेतून गळतात, तेव्हा पालकांना हेही सांगू या.