गाडीच्या टपावरचे कान

रुग्णवाहिका जवळून गेली की आपलं लक्ष जातं सायरनकडे आणि दिव्याकडे. पुढच्या वेळी जरा तिच्या टपाकडे बघा. माशाच्या पंखासारखा किंवा बशीएवढा काळा उंचवटा दिसला, तर तो अँटेना असू शकतो. काही रुग्णवाहिकांतून रोग्याच्या हृदयाचा आलेख वाटेतूनच रुग्णालयात पोहोचतो. तो पाठवतो गाडीतला बिनतारी मोडेम. पण त्याचे कान आणि तोंड वर टपावर!

आतच का नाही बसवत? कारण गाडी पत्र्याची, आणि पत्रा रेडिओलहरी अडवतो. गंमत अशी, की तोच पत्रा अँटेनाच्या खाली आला की मदतनीस होतो. थोडं गणित करू. ३०० ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. ९०० मेगाहर्ट्झला ती सुमारे ३३ सेंटिमीटर. तिच्या पाव लांबीची, म्हणजे सव्वाआठ सेंटिमीटरची कांडी टपावर उभी केली, की पत्रा आरशासारखा वागतो आणि जणू खाली तेवढीच दुसरी कांडी तयार होते. म्हणून जागा निवडायची ती टपाच्या मध्याजवळ. टप फायबरचा असेल तर हा आरसाच नसतो! मग अँटेनाखाली पत्रा बसवावा लागतो.

१९०१ साली मार्कोनीने वाफेच्या गाडीवर बिनतारी यंत्र बसवलं, तेव्हा टपावर चक्क उंच नळकांडं होतं. गाडी धावताना ते आडवं करावं लागे!

आता केबल. मधे तांब्याची तार, भोवती प्लास्टिक, त्यावर तारेची जाळी आणि बाहेर काळं आवरण. ही केबल थोडा संदेश स्वतःच गिळते, बरं का! पातळ केबल पाच-सहा मीटर झाली, तर ९०० मेगाहर्ट्झला जवळजवळ निम्मी शक्ती वाटेतच संपते. म्हणून केबल हवी तेवढीच घ्यायची. ती काटकोनात मुडपायचीही नाही. चुंबकाचा अँटेना भोक न पाडता बसतो हे खरं. पण त्याची केबल दाराच्या फटीतून घेतली, की दार आपटलं की ती चेमटते. कायमच्या कामाला भोकच बरं.

भोक पाडण्याआधी छताचं आतलं अस्तर काढून वायरी कुठून गेल्यात ते बघतात. भोकाची धार घासायची, गंज धरू नये म्हणून रंग लावायचा. धारेने केबल कापली जाऊ नये म्हणून रबरी कडी हवी. मोडेमच्या विजेच्या वायरीला बॅटरीजवळच फ्यूज लावतात, म्हणजे वायर कुठे घासून पत्र्याला टेकली तरी आग लागत नाही.

खरा शत्रू म्हणजे पाणी. जोडात ते शिरलं की तांबं काळं पडतं, आणि सगळं जागच्या जागी दिसत असूनही आलेख पोहोचत नाही. तेही नेमकं भर पावसात! म्हणून काम संपलं की जाणता कारागीर आत भोकाखाली कोरडा कागद ठेवतो आणि टपावर नळी सोडतो. कागदावर एकही थेंब दिसला नाही, तरच अस्तर परत चढतं.