वळणावर कलणारी गाडी आणि मागचा बार

आज पापड-लोणच्यांवर नाही, ती ज्या गाडीतून बाजाराला जातात त्या गाडीवर बोलू. आपल्या कितीतरी गटांनी माल न्यायला जुनी ओम्नी घेतली आहे. ओम्नीचं उत्पादन २०१९ सालीच बंद झालं, म्हणजे रस्त्यावरची प्रत्येक ओम्नी आता जुनीच. ही गाडी पावणेपाच फूटसुद्धा रुंद नाही, आणि उंची मात्र पाच फुटांच्या वर. वरती कॅरिअरवर पोती चढवली आणि आंबा घाटाच्या वळणाला लागली, की मागे बसलेली बाई सीट घट्ट धरून बसते.

मग गॅरेजवाले दादा सांगतात, "ताई, मागे स्टॅबिलायझर बार टाकून घ्या, डुलायची थांबेल." हा खर्च ग्रामसंघाच्या बैठकीत मंजुरीला येतो आणि सगळ्याजणी एकमेकींकडे बघतात. (आमच्याकडे बार म्हटल्यावर आधी हशाच पिकला.) गाडी पुरुषांचा विषय म्हणून आपण सही करून मोकळ्या होतो. पण हप्ता आपला, माल आपला आणि गाडीत बसणाऱ्या बायकाही आपल्याच. तेव्हा ही वस्तू काय आहे ते समजून घेऊ.

स्वे बार, अँटी रोल बार, स्टॅबिलायझर बार ही तिन्ही नावं एकाच वस्तूची. स्प्रिंगच्या पोलादाची एक लांब दांडी, दोन्ही टोकं एकाच बाजूला वळवलेली. ओम्नीला मागे पाटे असतात आणि दोन्ही चाकं एकाच एक्सलवर असतात. अशा गाडीत बारचा मधला भाग रबरी बुश घालून एक्सलला धरतात आणि दोन्ही टोकं छोट्या लिंकने वर चेसिसला जोडतात. एवढंच.

काम कसं करते? आपण ओली चादर दोघी मिळून पिळतो ना, तसं. दोघींनी एकाच दिशेला हात फिरवले तर चादर नुसती फिरते, पीळ पडत नाही. एकीने इकडे आणि दुसरीने तिकडे फिरवलं की पीळ पडतो. गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम वर जातात, तेव्हा बार बुशमध्ये नुसता फिरतो, काही करत नाही. वळणावर गाडी एका अंगाला दबते, दुसऱ्या अंगाला उचलते, तेव्हा बारला पीळ पडतो. पोलादाला पीळ नको असतो, ते सरळ व्हायला बघतं आणि गाडीला सरळ करतं. जाडीतला थोडा फरकही इथे मोठा असतो. लांबी-आकार तोच ठेवून १६ मिलिमीटरऐवजी १८ मिलिमीटरचा बार घातला, तर तो दीडपटीहून जास्त कडक होतो. म्हणून "जरा जाड टाकू" हे सहज बोलण्यासारखं नाही.

आता जे गॅरेजमध्ये सहसा कुणी सांगत नाही ते ऐका. बार गाडीचं कलणं कमी करतो, टायरची पकड वाढवत नाही. वळणावर गाडीचं वजन बाहेरच्या चाकांकडे सरकतं. ते किती सरकणार हे गाडीची उंची, दोन चाकांमधलं अंतर आणि तुमचा वेग यांवर ठरतं. बार ते थांबवू शकत नाही. मागे बार टाकला की त्या सरकणाऱ्या वजनातला जास्त वाटा मागचं बाहेरचं चाक उचलतं आणि मागचं आतलं चाक हलकं होतं. म्हणजे ओल्या रस्त्यावर मागची बाजू घसरायला पुढच्यापेक्षा लवकर तयार होते. ओम्नीला इंजिनची ताकद मागच्याच चाकांना मिळते. आतलं चाक हलकं झालं तर पावसात चढावरच्या वळणाला ते जागेवरच गरगर फिरू शकतं. आणि धोका असा, की गाडी कलत नाही म्हटल्यावर चालवणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे, आणि तो वेग वाढवतो. कलणं ही गाडीची सूचनाच असते, ती कमी ऐकू येते.

खराब रस्त्यावरही फरक पडतो. एक चाक खड्ड्यात गेलं की बार दुसऱ्या बाजूलाही ओढतो, आणि बसणाऱ्यांची डोकी इकडून तिकडे हलतात. मळ्यातल्या वाटेने रोज जाणाऱ्या गाडीला हे सुख नव्हे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: बारचा नंबर शेवटी. आधी कॅरिअर रिकामं करा. जड माल खाली, गाडीच्या फरशीवर आणि एक्सलच्या पुढे ठेवा. याला एक रुपया लागत नाही आणि कलणं लगेच कमी होतं. मग टायर. हवा दरवाजाजवळच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिली असेल तेवढीच भरा. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शिल्लक दिसत असली तरी फार जुन्या टायरचं रबर कडक होतं. त्यानंतर शॉकअप. गाडीचा एक कोपरा जोरात दाबून सोडा. गाडी वर येऊन थांबली तर बरं, डुलतच राहिली किंवा शॉकअपवर तेल ओघळलेलं दिसलं तर ते बदला. पाट्यात एखादं पान तुटलंय का, पाट्यांचे यू-बोल्ट सैल आहेत का, बुश झिजलेत का, हे दादांना गाडीखाली दिवा धरून दाखवायला सांगा. तुटक्या पाट्यावर नवा बार म्हणजे फाटक्या पोत्याला नवी शिवण.

हे सगळं करूनही गाडी कलते आणि बार टाकायचाच ठरला, तर बसवताना एकीने तिथे थांबावं. दुसऱ्या गाडीचा बार गॅसवर तापवून, वाकवून बसवायला देऊ नका. तापवलं की त्या पोलादाचं पाणी उतरतं आणि तो पुढे तडकतो. बारला वेल्डिंग तर मुळीच नको. चेसिसवर ब्रॅकेट वेल्ड करायचं म्हणाले तर पेट्रोलची टाकी किती जवळ आहे ते विचारा. गॅस किट असेल तर नाहीच म्हणा, नटबोल्टने बसेल तसं करा.

गाडी सपाट जमिनीवर हवी, पुढच्या चाकांना दगड, मागे उचलून खाली लोखंडी घोडे. नुसत्या जॅकवर कुणालाही खाली जाऊ देऊ नका. एक्सलवरून ब्रेक ऑइलचा बारीक पाइप जातो. बारचा क्लॅम्प त्याच्यावर आवळला तर ब्रेक गेलाच समजा, हे स्वतः वाकून बघा. चाक लोंबत असताना आणि माल भरून गाडी दबल्यावर, दोन्ही वेळा बार हँडब्रेकच्या केबलला, सायलेन्सरला किंवा टाकीला लागता कामा नये. रबरी बुशला साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं, सिलिकॉनचं लागतं. आणि शेवटची आवळणी गाडी चारही चाकांवर, रिकामी, सपाट उभी असताना. दोन्ही लिंक सारख्या लांबीच्या हव्यात, उभ्या गाडीत बारला पीळ नसावा.

कागदाचंही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. बार त्यात येतो का, हे आरटीओत विचारून घ्या, आणि विमा कंपनीला लेखी कळवून पोच ठेवा. अपघातानंतर "तुम्ही सांगितलं नव्हतं" हे ऐकायला नको. बिलावर बारची जाडी आणि बुश-लिंक नवे असल्याचं लिहून घ्या, ग्रामसंघाच्या लेखापरीक्षणालाही ते लागतं.

पहिली फेरी रिकाम्या गाडीने, कोरड्या रस्त्यावर, हळू. चालवणाऱ्याला पावसात गाडी मागून घसरू शकते हे आधी सांगा. शे-दोनशे किलोमीटर झाले की सगळे बोल्ट पुन्हा आवळून घ्या. मधेच मागून खट् खट् आवाज यायला लागला तर बहुतेक लिंकचा बुश किंवा नट सैल झालेला असतो. माल उतरवून, गाडी गॅरेजला नेऊन, तो आवळल्याशिवाय घाट उतरू नका.